आडवी जाणारी सिरप

आमच्या सासऱ्यांनी आयुष्यभर बस चालवली आणि कधी सिग्नल मोडला नाही. नियम म्हणजे त्यांच्या लेखी काळ्या दगडावरची रेघ. त्यात सरकारी नियम होते तसे घरचेही होते, आणि घरच्यांतला पहिला असा, की मांजर आडवं गेलं तर थांबायचं. दुसरं कुणी पुढे जाऊन वाट मोकळी करेपर्यंत हलायचं नाही. यापायी त्यांनी भरलेली बस रस्त्याच्या कडेला उभी केलेली आहे. मागची एखादी गाडी पुढे गेली की मगच हे निघणार. प्रवासी कुरकुरले तर शांतपणे विचारायचे, सुखरूप पोचायचंय ना?

अशा माणसाच्या घरात मी काळं मांजर आणलं. मी औषधांच्या दुकानात काम करते. तिथे मागच्या खोलीत, खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या खोक्यात मांजरीने पिल्लं घातली होती. पांढऱ्या-तपकिरी पिल्लांना लगेच घरं मिळाली. हिच्याकडे बघून मात्र जो तो म्हणे, गोड आहे हो, पण... त्या 'पण'चा मला इतका राग आला, की त्या रागाच्या भरात मी तिला पिशवीत घालून घरी घेऊन आले. नाव ठेवलं सिरप.

सासऱ्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. महिनाअखेरपर्यंत हिचं दुसरीकडे बघ, म्हणाले. नवऱ्याने मूग गिळले, तो त्याचा जुना गुण आहे. मी हो म्हटलं खरं, पण माझा जीव तोवर तिच्यात अडकला होता. महिना संपायच्या आत सासऱ्यांचं मन वळवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

सिरपने मला काडीची मदत केली नाही. आमचं घर वरच्या मजल्यावर, आणि सकाळचं ऊन येतं ते समोरच्या मास्तरांच्या दारात. सासरे फिरायला म्हणून दार उघडायचे, की ही त्यांच्या पायांतून सुटून तिकडे पळायची. म्हणजे रोज, अगदी निघतानाच, आडवी.

हे मास्तर एकटे राहतात. शाळेत विज्ञान शिकवायचे. गच्चीवरचा नळ कुणी उघडा ठेवला यावरून त्यांचं आणि सासऱ्यांचं कधीकाळी वाजलं होतं, आणि तेव्हापासून बोलणं बंद. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मास्तर अंधश्रद्धेवर बोलू लागले, की आमचे सासरे उठून घरी यायचे.

पहिल्या सकाळी सासरे दाराबाहेर थबकले आणि नेमकं तेव्हाच मास्तरांचं दार उघडलं. सिरप त्यांच्याही पुढून गेली. मास्तरही थबकले. आपल्याला कुणी बघतंय हे लक्षात आल्यावर ते बुटाची नाडी बांधायला वाकले. पायांत चपला होत्या. मी आत तोंडावर हात धरून हसत होते.

झालं, दोघंही उभे. समोरच्याने पुढे व्हावं आणि अपशकुन सोबत घेऊन जावं, एवढीच दोघांची एकमेकांकडून अपेक्षा. आता वरच्या मजल्यावर तिसरं येणार कोण? शेवटी कचरा न्यायला बाई आल्या, मधून गेल्या, आणि दोघं सुटले. दुसऱ्या दिवशी तेच. त्याच्या पुढच्या दिवशी मात्र सासऱ्यांना राहवलं नाही.

"तुम्हाला घाई असेल तर व्हा पुढे," ते म्हणाले.

"मला कसली घाई? माझी वाट कोण बघतंय?"

"तसं माझीही कोण बघतंय म्हणा."

मला ते फार लागलं. घरात मुलगा-सून असताना हा माणूस असं बोलतो, म्हणून आधी राग आला. पण खोटं काय होतं त्यात? आम्ही दोघं सकाळी कामाला जातो ते संध्याकाळी उगवतो. सासूबाई गेल्यापासून दिवसभर ते आणि चार भिंती. मी चहाचे दोन कप बाहेर नेऊन दिले.

मग स्टुलं आली. नळाचा विषय निघाला, कडाक्याचं भांडण झालं, पण बसून झालं आणि चहा गार न होऊ देता झालं. नळ कुणी उघडा ठेवला ते अजूनही ठरलेलं नाही. पुढे पुढे तर कचरेवाल्या बाई जिन्यात दिसल्या, की सासरेच त्यांना बसवून घ्यायचे, पाणी द्यायचे, दम खा म्हणायचे. त्या लगेच मधून गेल्या असत्या तर उठावं लागलं असतं ना. फिरणं राहिलं ते राहिलंच.

सिरपला मात्र त्यांनी एकदाही हात लावला नाही आणि महिनाअखेरीचा विषयही काढला नाही. मी विचारायला घाबरले. महिना संपला तेव्हा दुकानातल्या मैत्रिणीची बहीण तिला न्यायला तयार झाली होती. सुट्टीच्या दिवशी सकाळी मी सिरपला टोपलीत कोंबलं. तिने मला ओरबाडलं. मला रडू येत होतं, आणि ते लपवावंसं मला वाटलं नाही.

बाहेर दोघं स्टुलांवर बसलेले होते.

"कुठे चाललीस तिला घेऊन?" सासऱ्यांनी विचारलं.

"महिना संपला, बाबा. तुम्हीच म्हणाला होतात."

त्यांनी आधी टोपलीकडे पाहिलं, मग मास्तरांकडे.

"अगं, पण मग," सासरे हळूच म्हणाले, "आम्ही थांबायचं कशासाठी?"

मी टोपलीचं झाकण उघडलं आणि चहा टाकायला आत गेले.