पुणं सोडून अमरावती

कोहमाऱ्याच्या चौकात बाबांनी मोटारसायकल एका धाब्यासमोर लावली. माझी बॅग उतरवून स्वतःच्याच पायांशी धरून ठेवली. अर्जुनी मोरगावकडून येणाऱ्या जंगलाच्या रस्त्यानं आम्ही दोघं आलो होतो. नागपूरची एसटी आली तेव्हा ते कंडक्टरला म्हणाले, "पोरगी पहिल्यांदा जाऊन राहिली, जरा ध्यान ठेवजा." मग मला म्हणाले, "भेव लागलं त फोन करजो. नाही लागलं तरी करजो."

बस हलली. खिडकीतून मागे पाहिलं तर ते बसकडे पाहतच नव्हते, आम्ही आलो त्या रस्त्याकडे पाहत होते. ऊन उतरायच्या आत त्यांना एकट्याला त्याच रस्त्यानं परतायचं होतं.

गावात राहिलेल्यांना हे सांगायला नको. गावातून बाहेर पडलेल्यांना मात्र सांगते, कारण मी अमरावतीच का धरली, हे तुम्ही सगळे विचारता.

आम्ही कोहळी समाजाचे. गावचा तलाव आमच्याच पूर्वजांनी बांधलेला आणि आमच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, त्याच तलावाखाली. मी बारावीत असताना तलावाच्या पाळीवर वाघाची पावलं दिसली. आधी एक गोऱ्हा गेला, मग शेजारच्या गावातला गुराखी. बाबा पाणी धरायला जाताना थाळी वाजवत जायचे. मी घरात गणितं सोडवायची आणि कान त्या आवाजाकडे असायचा. आवाज थांबला की पेन थांबायचा.

निकालानंतर मला पुण्याचं एक कॉलेज मिळत होतं आणि अमरावतीच्या विद्यापीठात केमिकल टेक्नॉलॉजीची जागाही. मामा पुण्याकडे कंपनीत आहेत. ते फोनवर ओरडले, "अमरावतीले कायले जातं? इंजिनिअर व्हाचं त इकडं ये. कंपन्या इथं आहेत!" त्यांचं चूक नव्हतं. मी सगळ्यांना सांगितलं की तिथली प्रयोगशाळा चांगली आहे. ती चांगली होतीही. पण मी मोबाइलवर नकाशा उघडून वेगळंच पाहत होते. सकाळी वाईट बातमी आली तर अंधार पडायच्या आत घरी पोचता येईल का? पुण्याहून येत नव्हतं.

मायनं ओळखलं. चुलीत लाकूड सारत, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "वाघाच्या भेवानं जवळचं धरलं ना तू?"

अमरावतीत पहिल्या आठवड्यात वर्गात माझ्या तोंडून निघून गेलं, "मले नाही समजलं, सर." आता हसतील. पण शेजारची रुपाली, बुलडाण्याची, हळूच म्हणाली, "मलेबी नाही समजलं." तिथं निम्मा वर्ग 'मले'वालाच होता. बोलण्याची भीती त्या दिवशी गेली. दुसरी गेली नाही. फोन वाजला की उचलायची भीती वाटायची, आणि दिवसभर वाजला नाही तर जास्त.

दुसऱ्या सत्रात, मोहफुलं पडायच्या दिवसांत, मी प्रयोगशाळेत होते. गावच्या ग्रुपवर निरोप आला: मोहफुलं वेचायला गेलेली बाई वाघानं मारली. नाव नव्हतं. मायचा फोन बंद. बाबा उचलेनात. हातातली काचेची नळी रुपालीनं काढून घेतली, नाहीतर फुटलीच असती. तीच मला एसटी स्टँडवर घेऊन आली आणि नागपूरपर्यंत सोबत बसली. ती काहीतरी बोलत होती. मी मनातल्या मनात मायच्या साड्यांचे रंग आठवत होते, आज तिनं कोणती नेसली असेल.

नागपूरला बस बदलताना बाबांचा फोन आला. "माय घरी आहे." मग ते म्हणाले, "सेवंताबाई गेली." सेवंताकाकू आमच्या शेजारच्या. मायसोबत रोज जायच्या. मला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि मग त्या वाटण्याचीच भीती वाटली.

दिवस मावळता मी घरी पोचले. माय भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "माझ्या मागंच होती. वाकून वेचून राहिली होती. मी वळून पाहिलं, त नुसती टोपली."

मी ठरवलं, परत जायचं नाही. परीक्षा तोंडावर होती. सकाळी मायला तसं सांगितलं. ती एकदम चिडली. "तू इथं राहून वाघ हाकलशीन का? का माझ्या मागं वाकाचं आहे तुले? जाय." बाबांनी मोटारसायकल काढली. मी गेले, परीक्षा दिली, पास झाले, पदवी घेतली. त्यातला एकही दिवस निर्धास्त गेला नाही.

आता मी नागपूरजवळ बुटीबोरीच्या एका कारखान्यात आहे. पुण्याहूनही बोलावणं आलं होतं, नाही म्हटलं. मामा म्हणतात, भेवानं तुझं आयुष्य ठरवलं. ठरवलं असेल. पण माझ्या खोलीत, आतून कडी लावून निजते तिथं, मला स्वतःला कशाचीच भीती वाटत नाही, आणि म्हणूनच ते घर वाटत नाही.

या वर्षी सुट्टी काढून मी मायसोबत मोहाला गेले. बायका आता घोळक्यानं जातात. झाडाखाली पोचल्यावर माय म्हणाली, "वेचता वेचता बोलत राय. जोरानं. माणसं आहेत हे त्याले समजलं पाहिजे." काय बोलावं सुचेना. मग मी कारखान्याचं सांगू लागले. बॉयलर, शिफ्ट, कॅन्टीनची पातळ डाळ, माझ्यावर ओरडणारा साहेब. फोनवर कधीच सांगितलं नव्हतं ते सगळं त्या जंगलात ओरडून सांगितलं. माय वाकलेलीच, एकेका वाक्याला मोठ्यानं "मंग?" म्हणत होती. तिचा "मंग?" आला की मी पुढचं फूल उचलायची.