मावशीकडं दे

त्या बाईचं नाव मी घेत नाही. घरात लेकरंबाळं असतात, कशाला तोंडी आणायचं. पण नव्वदीतली ती बातमी ज्याच्या कानावर पडली नाही असं माणूस आपल्याकडं सापडायचं नाही. दूर तिकडच्या जिल्ह्यातली एक आई अन् तिच्या दोन लेकी. गर्दीत पाकिटं मारायच्या, गळ्यातलं ओढायच्या. चोऱ्या काय, सगळीकडं होतात. पण यांना कळलं की बाईच्या कडेवर लेकरू असलं की तिच्यावर कुणी संशय घेत नाही. मग जत्रेतून, देवळापाशून, स्टँडवरून परक्यांची लेकरं उचलायला लागल्या. कामापुरतं वागवायचं, अन् रडायला लागलं, जड झालं, की मारून टाकायचं.

मी शाळेत गेलेली नाही. पोरांच्या पुस्तकावरून अक्षरं लावत वाचायला शिकले. सोनईला आमच्या ओट्यावर मी पेपर मोठ्यानं वाचायचे अन् आयाबाया ऐकायच्या. ती बातमी आली त्या दिवशी मी मधेच थांबले. शेजारीण म्हणाली, "अगं, पुढं वाच की." माझी सासू म्हणाली, "नगं, मिटव तो कागद." मग जरा वेळानं, "बाईमानूसच हाय ना ती? मग लेकरू कडंला घेतल्यावर काळीज कसं हाललं न्हाई?"

वाघिणीची भीती वाटते, पण तिचं कोडं पडत नाही. हिचं पडतं.

आमच्याकडं एसटीची एक रीत होती. गर्दी असली की लेकुरवाळीनं खालूनच खिडकीतून लेकरू आतल्या बाईकडं द्यायचं अन् मोकळ्या हातानं दारातून घुसायचं. ओळखपाळख कशाला लागते? माय मरो, मावशी जगो म्हणणारी माणसं आपण. माझी सगळी पोरं अशीच गाडीत चढली.

त्या बातमीनंतर थोड्याच दिवसांत मी नगरला निघाले होते. खिडकीशी बसलेले. खाली एक कोवळी पोर, तिच्या कडेवर तापानं फणफणलेलं लेकरू, मान टाकलेलं. दारात ही चेंगराचेंगरी. सवयीनं मी दोन्ही हात बाहेर काढले.

"आन इकडं, मावशीकडं दे."

तिनं लेकरू छातीशी आवळलं अन् मागं सरकली. "नगं."

"अगं, दवाखान्यात न्यायचंय ना? पुढची गाडी पार दुपारी हाय."

"दुपारी तर दुपारी. देनार न्हाई."

आतून एक गडी म्हणाला, "मावशी, हल्ली पोरं धरनाऱ्या लई झाल्यात!" गाडी हसली. माझे हात तसेच बाहेर.

बातमीतल्या त्या बाईनं आमचं गाव कधी बघितलंही नसेल. तुरुंगात बसून तिनं माझ्या हातांची पत घालवली. केवढं लांब पोचली होती ती!

अन् पोरीवर रागवायचं तरी कसं? तिचं बरोबरच होतं. पण लेकरू खालीच राहणार होतं, अन् दुपारपर्यंत त्याचं काय झालं असतं कोण जाणे. घंटी वाजली तशी मी ओरडले, "ओ मास्तर, थांबा!" पिशवी जागेवर टाकली अन् कोपरं खात खाली उतरले.

कंडक्टर वैतागला, "मावशी, चढायचं का उतरायचं, एक कायतरी ठरवा!"

मी पोरीला म्हणलं, "तुज्या लेकराला बोट लावत न्हाई. तू म्होरं, मी मागनं रेटते. पिशवी हाय तिथं बस."

बसली बाई एकदाची. मी दांडा धरून उभी. घोडेगाव मागं पडलं तसं वाऱ्यानं लेकरानं डोळे उघडले. पोरगी खालमानेनं म्हणाली, "मावशी, राग मानू नका."

"न्हाई गं. असंच धर. कुनाला देऊ नगंस."

बोलून गेले अन् माझं मलाच नवल वाटलं. जन्मभर मी उलटं सांगत आले होते.

नगरला उतरून ती दवाखान्याच्या वाटेला लागली. लेकरू तिच्या खांद्यावरून माझ्याकडं बघत होतं. तिनं वळून त्याचा हात धरून हलवला, "मावशीला टाटा कर."

मीही हात हलवला. बातमीतल्या त्या लेकरांनीही त्या बाईला मावशीच म्हटलं असेल. दुसरं काय म्हणणार होती ती पोरं?