वाकवलेलं बोट

बायजाकाकीने कधी कशाकडे सरळ बोट दाखवलं नाही. वेलीवरच्या कोवळ्या काकडीला बोट दाखवलं तर ती कुजते, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. दाखवायचीच झाली तर बोट दुमडून, पेराने दाखवायची. बाकीचे हा नियम परसातल्या वेलीपुरता पाळतात. काकी तो अख्ख्या जगाला लावायची. ठरत आलेलं लग्न, गाभण गाय, कुणाच्या तरी नव्या नोकरीची आशा, जे जे अजून नीट धरलेलं नाही त्याच्याबद्दल ती बोलायचीच नाही. "कवळा हाय गो अजून," म्हणायची, "बघायचा, दावायचा नाय."

तिचं माहेर मुरबाडकडचं, सिद्धगडाच्या पायथ्याचं. सासर आमच्या शेजारी, आसनगावपासून थोडं आत. नवरा गेल्यावर आणि लेक रेश्मा मुरबाडला नांदायला गेल्यावर घरात ती एकटीच. दुपार कलली की सूप घेऊन ओटीवर तांदूळ निवडत बसायची. कुणी बाई आली तर "काय झाला?" असं विचारायची नाही. फक्त सूप जरा बाजूला सरकवायची आणि तेवढ्या जागेत ती बाई टेकायची. कल्याणहून कामावरून आलेली मीही कितीदा तिथे टेकले आहे. समोर माहुलीचा डोंगर निळा होत जायचा, चुलीचा धूर अंगणात रेंगाळायचा, सुपातले दाणे सळसळत राहायचे. आपण कुणाला काही सांगतोय असं वाटायचंच नाही. डुलकीत स्वतःशीच बोलावं तसं सगळं तोंडातून निघून जायचं, आणि काकीच्या ओटीवर पडलेला शब्द अंगणाबाहेर गेला, असं कधी घडलं नाही.

मग एका दिवाळीत रेश्माने तिला मोबाईल आणून दिला. काकीचे चुलीवरचे पदार्थ टाकायला एक चॅनल उघडून दिलं. मोबाईलच्या काचेलासुद्धा काकी बोट वाकवून पेरानेच टकटक करायची, दार वाजवावं तसं. आम्ही पोट धरून हसलो. पण लोकांना ते फार आवडलं. कुठली कुठली माणसं तिला "आजी, किती गोड" म्हणू लागली आणि काकी लाजून पदर सावरू लागली. आयुष्यभर जिने दुसऱ्यांचं ऐकलं, तिच्याकडे पहिल्यांदाच कुणी बघत होतं. मला खरंच बरं वाटलं होतं.

बदल हळूहळू आला. सुपाशेजारी मोबाईल आला. आपण बोलत असताना काकीचा "हं" उशिरा येऊ लागला. पेज उतू जायची तरी तिची नजर काचेवर. एके दिवशी माझं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. बोट सरळ झालं होतं. वर, आणखी वर, सरकवतच होती.

पलीकडच्या घरातली सून मंजुळा. तिचं एकदा पोटातलं राहिलं नव्हतं, आणि त्यापेक्षा गावभर झालेल्या हळहळीने ती खचली होती. म्हणून पुन्हा दिवस गेले तेव्हा तिने नवऱ्याखेरीज फक्त काकीला सांगितलं, सासूलाही नाही. काकीने तिच्यासाठी खीर करायला घेतली, आणि चॅनलवर लाइव्ह सुरू होतं. कुणीतरी लिहून विचारलं, काकी, आज खीर कुणासाठी? एवढ्या डोळ्यांसमोर काकीचा आनंद मावेना. "आमच्या मंजुळेला दिस गेलेत!" ती बोलून गेली.

सासूला ती बातमी शहापूरच्या बाजारात, मासळी घेताना कळली.

मंजुळा भांडली नाही. तिने यायचं बंद केलं, एवढंच. बाकीच्या बायका आल्या, पण टेकण्याआधी विचारू लागल्या, "काकी, मोबाईल चालू नाय ना?" तो प्रश्न काकीला चाबकासारखा लागायचा. शेवटी तिने मोबाईल तांदळाच्या कणगीत खोल पुरला. मला म्हणाली, "तिकडं जत्रा भरली न् हितं माजी ओटी ओस पडली गो." त्याच संध्याकाळी ती मंजुळेच्या दारात जाऊन उभी राहिली. "मंजुळे, मी बोट दावला. चुकला माजा." मंजुळेने पाणी दिलं आणि ती आत निघून गेली.

काकी रोज ओटीवर बसत राहिली. सूप आधीच सरकवून ठेवलेलं, शेजारची जागा रिकामी. ती जागा बघवत नसे.

भातं पोटरीला आली, कणसं धरायच्या बेतात होती, तेव्हा मंजुळेला मुलगा झाला. बाळ घरी आलं, आणि तिची सासू स्वतः काकीला बोलवायला आली, बाळाला न्हाऊ घालायला. काकीने पाय पसरले, बाळाला त्यावर घेतलं आणि ती घळाघळा रडायला लागली. भेटायला आलेल्या रेश्माने मोबाईल वर केला. काकीने ओला हात आडवा धरला. "नको. ह्यानं हो म्हटलाय काय?" मंजुळा खुदकन हसली. कितीतरी महिन्यांनी.

दोन पावसाळ्यांनंतर काकी झोपेतच गेली. तिचं चॅनल अजून आहे. लोक अजून विचारतात, आजी, नवीन कधी टाकणार?

मागच्या आठवड्यात माझ्या मनात एक गोष्ट होती, फार कोवळी. मोबाईल उघडला तर त्याने विचारलं, तुमच्या मनात काय आहे? मी तो पिशवीत टाकला आणि घरातून निघाले. मंजुळा स्वतःच्या ओटीवर तांदूळ निवडत होती. मुलगा अंगणातल्या मांडवाखाली उभा राहून काकडीला बोट दाखवत होता. तिने उठून ते हलकेच दुमडलं. मग मला पाहून काही न विचारता बसली आणि सूप जरा बाजूला सरकवलं.

मी तिथे काय सांगितलं, ते मात्र इथे लिहिणार नाही.