माहेरी निघालेलं पाणी

टीव्हीवर धरणातून पैठणकडे पाणी सोडल्याची बातमी लागली आणि मला ओल्या झेंडूचा वास आला.

तेव्हा मी शाळेत होते. पावसाने पाठ फिरवली होती, नाशिकजवळचा आमचा फुलांचा मळा सुकत होता आणि समोरून गोदावरी मात्र धरणातून सोडलेल्या पाण्याने भरून चालली होती. "आपलं पाणी चाललं!" आबा, माझे वडील, काठावर ओरडत होते. आईने ओंजळभर झेंडू पाण्यात सोडला. म्हणाली, "जाऊ द्या. खाली माझं माहेर हाय. तिथं प्यायलाबी नाय."

आबा वाहत्या फुलांकडे बघू लागले. मग हळूच म्हणाले, "फुलं पोचतील का गं?"

आई जाऊन वर्षं झाली. आजही आबांनी बातमीला चार शिव्या घातल्या आणि मग ते टपोरी फुलं वेचायला बसले.

"चपला घाल," मला म्हणाले, "नदीवर जायचंय."