मागच्या दाराचा उतार

मिस्त्रींना गावात कोणी नावाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. गवंडी बरेच होते, पण नुसतं 'मिस्त्री' म्हटलं की हेच. आमच्या ग्रंथालयाच्या दर्शनी भागातल्या सात दगडी पायऱ्या त्यांनी पंचविशीत बांधल्या. त्यांचं पहिलं मोठं काम. इतक्या वर्षांत एक दगड हलला नाही. मी तिथे तीस वर्षं ग्रंथपाल होते आणि त्या पायऱ्यांचं कौतुक करणाऱ्यांत मीही होते.

त्यांची धाकटी बहीण चिमी. चार वर्षांची असताना तापाने तिचे पाय गेले. मिस्त्री तेव्हा अकरा वर्षांचे. तिला पाठीवर घेऊन ते शाळेत सोडायचे, मग स्वतः उशिरा वर्गात जाऊन छडी खायचे. पुढे शाळा सोडून हातात थापी घेतली, तरी सकाळ-संध्याकाळ तिला नेणं-आणणं त्यांनी सोडलं नाही. त्यांचं लग्न झालं तेव्हा वहिनीला पहिल्याच दिवशी सांगितलं, "ही माझी जबाबदारी. तुझ्यावर भार नाही टाकणार." भाऊ असावा तर असा, असं लोक म्हणायचे. मिस्त्रींनाही ते ऐकायला आवडायचं. का नाही आवडणार?

चिमी तेवीस वर्षांची असताना आमच्याकडे पुस्तकांच्या नोंदी करायला माणूस हवा होता. तिचं अक्षर मोत्यासारखं, हिशोबात डोकं तल्लख. तिने अर्ज केला आणि आम्ही घेतलं. रोज सकाळी मिस्त्री तिला पाठीवर घेऊन सात पायऱ्या चढायचे, माझ्या टेबलाजवळच्या खुर्चीत बसवायचे आणि म्हणायचे, "बाई, तुमची ठेव सांभाळा." आम्ही सगळे हसायचो. चिमीही हसायची.

इतकी चोख नोंद करणारं माणूस मला पुन्हा मिळालं नाही. दुपारी काम संपलं की ती बांधकामाच्या कपाटातली पुस्तकं मागून घ्यायची. मी म्हणायचे, "तुला गं काय करायचंय घरं बांधून?" ती म्हणायची, "दादाला सांगायला काहीतरी हवं ना."

तिसऱ्या महिन्यात मिस्त्रींना परगावच्या पुलाचं काम लागलं. आठ दिवस चिमी आली नाही. मग पुन्हा सहा दिवस. परत आली त्या संध्याकाळी माझ्यासमोरच तिने विषय काढला.

"दादा, मागच्या दाराला उतार करून देतोस का? दार जमिनीपासून दीड फूटच वर आहे. अंगणात जागाही आहे. दोन दिवसांचं काम. चाकांची खुर्ची मिळवते, मग माझी मी येत जाईन."

मिस्त्री मोकळेपणाने हसले. "अगं, मी धडधाकट असताना उतार कशाला? लोक म्हणतील, मिस्त्रीला बहीण जड झाली."

ती माझ्याकडे बघत होती. मी त्या वेळी काहीतरी बोलायला हवं होतं. मागचं दार माझ्याच ताब्यात होतं, किल्ली माझ्याच ड्रॉवरमध्ये होती. मी रजिस्टर मिटलं आणि म्हटलं, "भावाची माया आहे गं."

पुलाचं काम लांबत गेलं. चिमीच्या रजा वाढल्या. संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, रोज येणारा माणूस बघा. तिला कमी केल्याचं पत्र मीच लिहिलं. भाषा शक्य तितकी गोड ठेवली. उलट टपाली तिची चिठ्ठी आली: तिसऱ्या कपाटातल्या नोंदी अपुऱ्या आहेत, नव्या माणसाला सांगा. बाकी एक अक्षर नाही.

त्यानंतर पंचवीस वर्षं ती घरात राहिली. गल्लीतल्या मुलांना गणितं शिकवायची. लग्नकार्याला, दवाखान्यात, निवडणुकीच्या दिवशी मिस्त्री तिला पाठीवरून न्यायचे. कुठल्याशा शिबिरात चाकांची खुर्ची मिळाली होती, पण घराच्या दाराशीच तीन पायऱ्या. त्याही मिस्त्रींनीच बांधलेल्या. खुर्ची कोपऱ्यात उभी असायची आणि वहिनी तिच्यावर ओले टॉवेल वाळत घालायची. यात कुणाचं काही चुकतंय असं कुणालाच वाटत नव्हतं.

पंचावन्नाव्या वर्षी उंबऱ्याचा दगड उचलताना मिस्त्रींच्या पाठीत कळ आली आणि ते तिथेच बसले. डॉक्टरांनी बजावलं, यापुढे पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. त्यानंतर सात महिने चिमी घराबाहेर पडली नाही. मिस्त्री दारातल्या स्टुलावर बसून असायचे. वहिनी सांगायची, दोघं एकमेकांची नजर चुकवतात.

त्याच सुमारास नगरपालिकेला आदेश आला, सरकारी इमारतींना अपंगांसाठी उतार करा. ओव्हरसियर मिस्त्रींकडेच आले. नगरपालिकेच्या कार्यालयाचं दार जमिनीपासून तीन फूट वर, समोर जागा नऊ फुटांची. "बसवा त्यात," ओव्हरसियर म्हणाले. मिस्त्रींनी स्टुलावर बसून माणसांकडून काम करून घेतलं. वरचा सिमेंटचा कोबा असा गुळगुळीत की हात फिरवत राहावा. उद्‌घाटनाला आपल्या बहिणीलाच बोलवा, असं त्यांनीच सुचवलं.

मीही गेले होते. चिमीला शिपायांनी खुर्चीसकट घरच्या पायऱ्यांवरून उतरवून आणलं होतं. नगराध्यक्षांनी फीत कापली. चिमीने चाकं फिरवली, खुर्ची दोन हात वर गेली आणि घसरत मागे आली. पुन्हा तेच. शेवटी दोन शिपाई मागून आणि एक पुढून, असं करून तिला वर चढवलं. टाळ्या झाल्या. नगराध्यक्ष म्हणाले, "ताई, दोन शब्द बोला."

"साहेब, मला वर आणायला आज तीन माणसं लागली," चिमी म्हणाली. "पूर्वी एकटा दादा पुरायचा."

लोक खो-खो हसले. मिस्त्रींची मान खाली गेली.

घरी काय झालं ते वहिनीने मला सांगितलं. मिस्त्री आयुष्यात पहिल्यांदा बहिणीवर ओरडले, "चारचौघांत माझी लाज काढलीस!"

चिमीने खडू मागितला. फरशीवर एक उभी रेघ काढली, एक लांबलचक आडवी. "एक फूट चढायचं तर बारा फूट लांबी लागते, दादा. तीन फुटांना छत्तीस. जागा नसेल तर वळण घ्यायचं, वळणावर दम खायला सपाट जागा सोडायची. आणि कोबा खरबरीत हवा."

मिस्त्रींनी रेघांवरून नजर वर केली. "हे तुला कधीपासून माहीत?"

"ग्रंथालयात होते तेव्हापासून."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलले होते. तू हसलास."

मग चिमी हळू आवाजात म्हणाली, "तुझ्या पाठीवरून मी पुष्कळ गाव बघितलं रे. पण तू गेलास तेवढंच."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी घरासमोरच्या तीन पायऱ्या फोडायला घेतल्या. घण दुसऱ्याच्या हातात होता, पण प्रत्येक घावाला ते स्वतः दचकत होते म्हणे. तिथे उतार झाल्यावर ओव्हरसियरशी भांडून नगरपालिकेचा उतार उखडला आणि कुंपणाच्या कडेने वळणं घेत नवा केला. काम चालू असताना चिमी खुर्चीत बसून पाणसळ लावून पातळी तपासायला सांगायची आणि मिस्त्री मुकाट्याने लावायचे.

त्यानंतर ते माझ्याकडे आले. हातात टेप.

"बाई, मागचं दार उघडा."

किल्ली मिळाली, पण कुलूप गंजलं होतं. तेल घालून, ठोकून उघडलं. दाराबाहेर तेच अंगण. मिस्त्रींनी टेप जमिनीला लावला, पुन्हा लावला. दीड फूट.

"दोन दिवसांचं काम होतं हो," ते म्हणाले. "मी पूल बांधत बसलो." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "तुम्हीही काही बोलला नाहीत तेव्हा."

मी किल्ली त्यांच्या हातात ठेवली.

उतार दीड दिवसातच झाला. पण तोवर नोंदींचं काम कॉम्प्युटरवर गेलं होतं, चिमीची जागा कधीच बंद झाली होती. मी अध्यक्षांना भेटले, अर्ज केला. ते म्हणाले, या वयात नवीन माणूस कसं घेणार? 'नवीन माणूस' हा शब्द मी तिला सांगितला नाही. ती वाचक म्हणून येऊ लागली. पहिल्या दिवशी मिस्त्री तिच्या मागोमाग आले, तर तिने अंगणातूनच सांगितलं, "तू जा घरी. येईन माझी मी." ते गेटपाशी घुटमळले, चप्पल उगाच झटकली आणि गेले.

उतार झाले म्हणजे सगळं झालं असंही नव्हतं. नगरपालिकेच्या उतारावर लोक दुचाक्या लावतात. मिस्त्री रोज सकाळी काठी घेऊन तिथे जातात आणि शिव्या देऊन त्या हलवायला लावतात. लोक म्हणतात, म्हातारपणी मिस्त्रींचं डोकं फिरलं.

मागच्या आठवड्यात ते ग्रंथालयापाशी भेटले. चिमी उशिरा घरी आली म्हणून आदल्या संध्याकाळी त्यांनी विचारलं होतं, कुठे गेली होतीस. ती म्हणाली, नदीवर.

"मी विचारलं, नदीवर काय काम? तर म्हणते, काम कशाला हवं? लहानपणापासून जायचं होतं," मिस्त्री मला म्हणाले. "बाई, नदी आमच्या घरापासून पाच मिनिटांवर आहे. मला कधी सुचलंच नाही हो."

ते कट्ट्यावर बसले. मी आतून पाणी आणून दिलं. आत चिमी खिडकीजवळ वाचत होती, म्हणून आम्ही दोघंही हळू बोलत होतो.