गार्डकाकांचं अर्धं वचन

देवाच्या शब्दावर विश्वास ठेवणारी माणसं झाशीत पुष्कळ असतील. पण देवाला त्याच्या शब्दाची रोज सकाळी, अध्याय आणि ओवीच्या आकड्यासकट, मोठ्याने आठवण करून देणारा माणूस सबंध शहरात एकच होता, आणि तो आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. प्रेम नगरमधल्या आमच्या गल्लीत सगळे त्यांना गार्ड साहब म्हणत. आम्ही मराठी, म्हणून आमचे ते गार्डकाका. अहमदनगरकडचे ख्रिस्ती, रेल्वेत मालगाडीचे गार्ड. नोकरीने झाशीत आले आणि कोळशाच्या इंजिनांच्या धुरात तीस वर्षं काढून इथलेच झाले. आम्ही त्यांच्याही आधीचे. आमचा कुणी पूर्वज सुभेदाराच्या दप्तरात कारकून म्हणून कोकणातून आला आणि परत जायचं विसरला. गल्लीत मराठी घरं एवढी दोनच, एक देवघराचं आणि एक क्रूसाचं. मधल्या भिंतीवरून आमचं ताक, त्यांचा कढीपत्ता आणि दोन्हीकडच्या बातम्या यांची ये-जा चाले.

सकाळी सहा वाजता काका अंगणात येत, पाय जुळवून उभे राहत आणि खणखणीत आवाजात सुरुवात करत, "प्रभू, हे शब्द तुझेच आहेत. मी फक्त लक्षात आणून देतो." मग त्या दिवसाचं वचन, आणि ते ज्या कामासाठी हवं ते काम. कधी काकूंची कंबर, कधी नळाला न येणारं पाणी, कधी आमच्या बाबांची अडकलेली बढती. बाबा आतल्या खोलीत दाढी करता करता संकोचाने लाल होत. दूधवाला एकदा न राहवून म्हणाला, "गार्ड साहब, भगवान ऊँचा सुनते हैं क्या?" काका म्हणाले, "सुनते तो बढ़िया हैं, भैया. हमारी रेलवे की आदत है. सिग्नल दिख जाए, फिर भी मुँह से बोल के पक्का करना पड़ता है." दूधवाल्याला हे इतकं पटलं की त्या दिवसापासून तो माप ओततानाही मोठ्याने बोलून पक्कं करू लागला.

त्यांच्या अंगणात एक लिंबाचं झाड होतं. सात वर्षांत त्याने पानं आणि काटे यांखेरीज काही दिलं नव्हतं. एके दिवशी काकांना त्यांच्या पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, झाड आपल्या ऋतूत फळ देईल, अशा अर्थाचं काही सापडलं. दुसऱ्याच दिवशी ते बाजारातून चिनी मातीची मोठी बरणी आणि किलोभर खडेमीठ घेऊन आले. बरणी धुऊन उन्हात ठेवली गेली. ती दोन उन्हाळे तशीच राहिली. काकू भिंतीपलीकडून आईला म्हणायच्या, "बरणी वाळली, मीठ पाझरलं. आता मीच तेवढी मुरायची राहिलेय." तिसऱ्या वर्षी झाडाला तीन लिंबं लागली. काकूंनी त्या तीन लिंबांचं लोणचं त्या राक्षसी बरणीच्या तळाशी घातलं आणि वाटीत दोन फोडी आमच्याकडे धाडल्या. आई ख्रिस्त्यांच्या घरी केलेलं चहाखेरीज काही घेत नसे. पण एवढ्या प्रतीक्षेनंतर आलेल्या फोडीला नाही म्हणणं तिला जमलं नाही. "लोणच्याला काय होतंय," ती स्वतःशीच म्हणाली. बाबांनी मात्र काकांना छेडलंच, "काय गार्डसाहेब, तीनच?" काका गंभीरपणे म्हणाले, "किती, ते वचनात कुठे होतं?"

त्यांची सगळी श्रद्धा अशी मालगाडीतून आलेली होती. मेल गाडीला वेळापत्रक असतं, म्हणून मेलचे गार्ड चिडके होतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. मालगाडीला वेळ नसते. ती फक्त पोचते. झाशीजवळच्या बबीना स्टेशनात बाजूच्या रुळावर ते सहा-सहा तास उभे राहिलेले होते, पुढे सगळ्या गाड्या सोडून देत. "थांबलेली गाडी म्हणजे रद्द झालेली गाडी नव्हे," ते म्हणत. "आणि गार्ड बसतो कुठे? सगळ्यांत मागे. पुढचं त्याला काही दिसत नाही. जे मागे पडलं तेवढंच दिसतं. तरी मी तीस वर्षं पोचतोच आहे ना?" येशूबद्दल बोलताना ते हळू होत. एकेरी मार्गावर, पुढचा रस्ता मोकळा असल्याची खूण म्हणून स्टेशनावरून ड्रायव्हरला एक लोखंडी गोळा देतात. तो हातात आल्याशिवाय गाडी हलत नाही. आणि तो एकदा आला, की पुढचा रस्ता त्याच गाडीचा. काका म्हणत, "देवाने जेवढी म्हणून वचनं दिली, त्या सगळ्यांचा तो गोळा म्हणजे प्रभू येशू. तो मिळालाय. आता गाडी कधी सुटते याची मला काळजी नाही."

आणि मग त्यांचे डोळे जायला लागले.

रेल्वे गार्डांचे डोळे ठरावीक वर्षांनी तपासते. त्या वर्षी काका नापास झाले. डॉक्टर चांगला होता, त्याने गोडीने सांगितलं, "गार्ड साहब, मोतियाबिंद होता तो निकाल देते. यह काला मोतिया है. जो रोशनी गई, वो वापस नहीं आएगी." काचबिंदूने काकांची झेंडी गेली, पार्सल ऑफिसात बसून करायचं काम आलं आणि वर्षभरात निवृत्तीही आली. पण त्यांनी भिंतीशी येऊन बाबांना सांगितलं ते असं, "डॉक्टर सज्जन आहे. त्याने त्याचं सांगितलं. मला दुसरीकडून वेगळं सांगून झालंय." एका जुन्या संदेष्ट्याच्या तोंडून देवाने म्हटलं होतं, की मी पुढच्या अंधाराचा उजेड करीन. काकांनी ते वचन आपल्या डोळ्यांसाठी धरलं. रोज सकाळी सहाला आता तेवढं एकच वचन अंगणात उभं राहू लागलं, आणि गल्लीतली माणसं, आम्हीसुद्धा, त्या वेळी जरा घरातच राहू लागलो. लिंबांचं ठीक होतं. हे पाहवत नव्हतं.

दीड-दोन वर्षांत त्यांना अक्षरं दिसेनाशी झाली. त्यांचं शास्त्र मराठी. चर्चमधली उपासना हिंदीत, तिथल्या मंडळीतले लोक हिंदी वाचणारे. चर्चचे पाद्री, म्हणजे पाळक, येऊन हिंदीतून वाचून दाखवत, पण काका म्हणाले, "हिंदीत देव मला साहेबासारखा वाटतो. मराठीत घरातला वाटतो." संध्याकाळी काकू चुलीशी. गल्लीत मराठी वाचू शकणारी आणि त्या वेळी रिकामी अशी मी एकटीच होते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकत होते. मला तीन भाषा येत आणि तिन्हींत मी गप्प बसत असे. इंग्रजी शाळेत, हिंदी रस्त्यावर. मराठी घरात, तीही हं आणि नको एवढीच. तरी मी हो म्हटलं, कारण वाचताना शब्द आपले नसतात, आणि आपले नसलेल्या शब्दांची मला भीती वाटत नसे.

अशी मी मराठी शिकले, त्या जाड, काळ्या, समासात पेन्सिलीच्या खुणा असलेल्या पुस्तकातून. त्याचे परिणामही झाले. पुण्याहून बाबांच्या एक आत्याबाई आल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "आणखी भात वाढू का गं?" मी म्हटलं, "खचित." त्यांचा हात हवेतच राहिला. मग त्यांनी बाबांकडे पाहून हळूच विचारलं, "ही बोलत नाही तेच काय कमी होतं, आणि बोलते तेव्हा हे असं?" काकांना हे कळल्यावर ते खुर्चीत हलेपर्यंत हसले.

पण काकू हसत नव्हत्या. त्यांनी एक काठी आणली होती, चांगली, खाली रबर लावलेली. काकांनी ती दाराच्या मागे टांगून ठेवली. काठी घेणं म्हणजे देवाला तोंडावर सांगणं, की तुझ्यावर भरवसा नाही. "लिंबांच्या आधी बरणी आणली ना मी? मग उजेडाच्या आधी काठी कशी घेऊ?" असं ते काकूंना म्हणत. काका एकटे हिंडत. दूधवाल्याच्या सायकलीवर आपटले, दोनदा गटारात पाय गेला. मग एका दुपारी पुलाच्या उताराशी पडले. मनगट मोडलं आणि कपाळाला पाच टाके पडले. दवाखान्यातून आणल्यावर काकू मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. "माझं ऐकत नाहीत, पाळकांचं ऐकत नाहीत. तू वाचतेस तेव्हा मान खाली घालून ऐकतात. सांग ना त्यांना काहीतरी. पुढच्या वेळी मनगटावर भागायचं नाही." मी मान हलवली. मी कधी कुणाला काही सांगितलं नव्हतं. आणि काय सांगायचं? तुमच्या देवाचं चुकलं असं? त्यांचं हाड वाचवायचं तर श्रद्धा मोडावी लागणार, आणि ती मोडल्यावर त्या घरात काय उरेल, याची मला जास्त भीती वाटत होती.

त्या संध्याकाळी हात गळ्यात बांधून काका खाटेवर टेकून बसले होते. म्हणाले, "आज तेच वाच. उजेडाचं." ते वचन त्यांना तोंडपाठ होतं. पानही त्या जागी आपोआप उघडे. दर वेळी ते स्वतःच मधून सुरुवात करून देत आणि मी तिथून उचलत असे. त्या दिवशी कपाळ दुखत होतं म्हणून असेल, ते काही बोलले नाहीत. मी ओवीच्या सुरुवातीपासून वाचलं. तिथे उजेडाच्या आधी दुसरंच होतं. देव म्हणत होता, की आंधळ्यांना मी त्यांना ठाऊक नसलेल्या रस्त्याने नेईन, अनोळखी वाटांनी हात धरून चालवीन. उजेड त्यानंतर होता.

काका ताठ बसले. "परत वाच."

मी परत वाचलं.

"आधीपासून तसंच आहे?"

"हो, काका."

"इतकी वर्षं?"

बाहेर यार्डात डबे एकमेकांवर आपटल्याचा आवाज आला. काकांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मी पुस्तक मिटलं आणि घरी आले. त्यांच्या हातातलं एकच वचन मी काढून घेतलं, असं मला वाटत होतं. तीन दिवस मी गेले नाही. सकाळी सहा वाजता अंगणातून आवाजही आला नाही. आई म्हणाली, "बरं नाही वाटतं त्यांना." मी पांघरुणात तोंड घातलं.

चौथ्या दिवशी काकू दारात. "काय गं पोरी, कुठे आहेस? चल, बोलावलंय."

काका अंगणातच होते, काठी हातात धरून, जणू कुणी ती परत मागणार आहे. "ये. रागावलीस?" मी मान हलवली, मग त्यांना दिसत नाही हे आठवून म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "अगं, ते वचन आंधळ्यांचं आहे. मी डोळस माणसाच्या डब्यात बसून त्याची वाट बघत होतो. आंधळा व्हायला तयार नाही आणि आंधळ्याचं वचन हवं. देव तरी काय करील?" आणि हसले. फार मोठं नाही, पण हसले. मग काकूंकडे तोंड करून म्हणाले, "आणि ही बाई दोन वर्षं देवाने धाडलेली काठी माझ्यासमोर धरून उभी. बोलायचं नाही का नीट?" काकूंनी कपाळावर हात मारला. "घ्या! मी तर नुसती ओरडत होते."

त्या रविवारी उपासनेला त्यांना मी नेलं, कारण काकूंची कंबर धरली होती. आई एक क्षण थांबली, मग म्हणाली, "जा. हात सोडू नकोस." बाजाराच्या चौकात टांगे, सायकली, एक लष्करी ट्रक. मी रस्ता ओलांडायला घाबरते, आजही. पाच मिनिटं आम्ही कडेला उभे होतो. शेवटी काका कान टवकारून म्हणाले, "टांगा गेला. ट्रक उजवीकडे वळतोय. आता चल." आणि त्यांनी मला पलीकडे नेलं. चर्चच्या फाटकाशी काकूंची मैत्रीण कौतुकाने म्हणाली, "वाह बेटी, गार्ड साहब को ले आई!" काकांनी मान डोलावली आणि माझ्या कानाशी म्हणाले, "सांगू नकोस कुणाला."

त्यानंतर दोन वर्षं दर रविवारी आम्ही तो रस्ता ओलांडला. एकदा परत येताना मी त्यांना विचारलं. मी आपणहून कुणालाही विचारलेला बहुधा तो पहिला प्रश्न. "काका, अंधाराचा उजेड झाला का?" ते चालता चालता थांबले. खोटं बोलणं त्यांना येत नसे, देवाच्या बाजूनेसुद्धा.

"नाही," ते म्हणाले. "अजून नाही. पण आधी नेईन म्हणालाय, उजेड नंतर. नेणं चालू आहे."

पुढे नगरला राहणारी त्यांची मुलगी येऊन दोघांना तिकडे घेऊन गेली. मी स्टेशनवर गेले होते. त्या गर्दीत काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि काकू माझ्या वाटचंसुद्धा रडल्या. मी पत्रं लिहीत असे, मराठीत, आणि काकू ती त्यांना वाचून दाखवत. गेल्या थंडीत काकूंचं पत्र आलं. काका पहाटे गेले, शांतपणे. त्यात एवढंच होतं, की जायच्या आधी त्यांनी खिडकीकडे तोंड केलं आणि काकूंना विचारलं, दिवा तू लावलास का. काकूंनी लावला नव्हता. त्यांनी यावर पुढे काही लिहिलेलं नाही. मी ते पत्र पुष्कळदा वाचलं आहे. मी त्या धर्माची नाही, आणि एका म्हाताऱ्या माणसाच्या शेवटच्या प्रश्नावरून काही सिद्ध करण्याइतकी धीटही नाही. पण तोच उजेडाचा प्रश्न पुन्हा विचारायला आता ते हवे होते, असं मात्र फार वाटतं.