अक्कानं परत केलेली शाल

बातमी आली तेव्हा मी धारवाडच्या कोर्टात उलटतपासणी घेत होतो. समोरचा साक्षीदार खरेदीपत्रावरची स्वतःची सही ओळखायला तयार नव्हता, आणि मी त्याला हळूहळू कोंडीत आणत होतो. कोटाच्या खिशात फोन सारखा थरथरत होता. बाहेर येऊन पाहिलं तर बायकोचे फोन... "अक्कांना दवाखान्यात नेलंय, असाल तसे या." मी हुबळीच्या वाटेवरच्या नवनगरच्या दवाखान्यात पोचलो तोवर सगळं संपलं होतं. सकाळी शेजारणीशी गॅलरीतून बोलता बोलता अक्का खाली बसली, ती उठलीच नाही. मेंदूतली शीर फुटली, असं डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी एका वर्तमानपत्राचे बातमीदार आले. त्यांनी अदबीनं विचारलं, "वकीलसाहेब, 'अंतराळस्थानक वाचवणारी धारवाडची कन्या' असं लिहू ना?" मी मान हलवली. घरात माणसं भरली होती, मी दमलो होतो, अशी पुष्कळ कारणं मी नंतर स्वतःला दिली. खरं कारण एवढंच की दाराशी चपला काढणाऱ्या दोघांचं बोलणं नुकतंच माझ्या कानावर पडलं होतं. "ह्या त्याच ना, भर सभेत उठून स्वतःचीच अब्रू घालवलेल्या?" "हौदु, त्याच." माझे कान तापले, आणि तेवढ्यात कुणीतरी चांगलं काही लिहायला निघालं होतं... दुसऱ्या दिवशी तो मथळा छापून आला. तो वाचताना जी लाज वाटली ती अजून उतरलेली नाही. जे वाक्य खोडायला अक्कानं नोकरी सोडली, नाव सोडलं, तेच वाक्य मी तिची राख निवायच्या आत पुन्हा लिहू दिलं. म्हणून हा लेख.

अक्का, म्हणजे माझी बहीण वसुधा, माझ्याहून बरीच मोठी. अप्पा रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते, त्यामुळे आमचं लहानपण हुबळीच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलं. दाराच्या आत मराठी, दाराबाहेर कन्नड. अक्का कधी चुकत नसे. हे मी भावाच्या मायेनं म्हणत नाही, आमच्या घराला तो एक त्रासच होता. फळ्यावरचं गणित चुकलं की ती मास्तरांना सांगे, घड्याळ मागे पडलं की अप्पांना, आणि मी काही बोलायला तोंड उघडलं की "मला माहितीये" म्हणून माझं वाक्य तीच पुरं करी. बहुतेक वेळा बरोबरही करी. आई एकदा वैतागून म्हणाली होती, "वसू, समोरच्याला चुकीचं तरी पुरतं बोलू दे गं!"

इंजिनिअर होऊन ती परदेशी गेली आणि फिरत फिरत अशा जागी पोचली की गल्लीला ते काम समजावून सांगताना अप्पांची तारांबळ उडे. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अंतराळस्थानकातले संगणक बिघडले की जमिनीवरच्या एका खोलीत बसून ते दुरुस्त करायचे, हे तिचं काम. शेजारच्या काकू विचारत, "म्हणजे वर जाते का गं दुरुस्तीला?" अक्का हसून सांगे, "नाही हो काकू. बेंगळूरच्या लेकीनं इथल्या आईला फोनवरून कुकरची रिंग बदलायला सांगावी, तसं आहे ते. फक्त मधेमधे फोन कटतो." स्थानक सारखं फिरत असल्यानं संपर्क तुटायचा आणि जुळायचा. वर कुठून कुठून येणारे बारीक कण यंत्राच्या आरपार जातात आणि कुठल्या तरी शून्याचा एक करून ठेवतात. त्यामुळे बिघाड हे तिथलं रोजचं जेवण. पण तिच्या हातून कधी काही राहिलं नाही, असं तिचे सहकारी म्हणत आणि अप्पा ते आम्हाला पुन्हा पुन्हा ऐकवत.

मग तो मोठा बिघाड झाला. त्या स्थानकावर एकसारखे तीन संगणक होते. स्थानकाचं तोंड कुठे आहे, विजेचे पंख सूर्याकडे आहेत की नाहीत, हे सगळं ते पाहत. तिघंही एकच गणित करत आणि उत्तरं ताडून बघत. एकाचं उत्तर वेगळं आलं की उरलेले दोघे त्याला पंगतीतून उठवत. त्या दिवशी एक असाच उठवला गेला. त्यात नवल नव्हतं, बंद करून चालू केला की तो ताळ्यावर येई. पण तो उभा राहायच्या आत दुसराही बंद झाला, आणि ताडून बघायला कुणीच उरलं नाही म्हणून तिसरा आपण होऊन थांबला. एवढं मोठं स्थानक हळूहळू कलंडू लागलं. पंख सूर्यापासून वळले, सगळा भार बॅटऱ्यांवर आला, अँटेनाची दिशा चुकली. वरच्या माणसांनी दिवे, हीटर, पंखे एकेक करून बंद केले आणि होते नव्हते ते कपडे अंगावर चढवून ती सगळी टॉर्चच्या उजेडात बसली. तिथं पंखा बंद होणं म्हणजे साधी गोष्ट नाही. वजन नसलेल्या त्या जागी श्वासाची हवासुद्धा तोंडापुढून आपली आपण हलत नाही, माणूस स्वतःच्याच उच्छ्वासात गुदमरू शकतो. म्हणून ती एकमेकांच्या तोंडापुढे पुठ्ठ्यानं वारा घालत राहिली. परतीचं यान त्यांनी तयार ठेवलं होतं.

खाली अक्का खुर्चीवरून उठली नाही. तुटका संपर्क जेवढा वेळ जुळे तेवढ्यात काय सांगायचं ते ती आधी ठरवून ठेवी. कुठलं झाकण काढायचं, कुठली केबल पहिल्याची काढून तिसऱ्याला लावायची, जपून ठेवलेल्या जुन्या प्रोग्रॅमवर त्या एकट्या तिसऱ्याला कसं उठवायचं... आणि तिसरा उठला. पंख सूर्याकडे वळले. कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. चौकशीत ठरलं की पडद्यावरची मांडणीच गोंधळात टाकणारी होती, दोष कुणा एकाचा नाही. अक्काला बक्षीस मिळालं. अप्पांनी कट्ट्यावर पेढे वाटले.

रिटायर झाल्यावर अप्पा धारवाडला राहायला आले होते. अक्का सुट्टीवर आली तेव्हा इथल्या मराठी मंडळींनी सत्कार ठरवला. ती फोनवर दोनदा नको म्हणाली होती. अप्पा म्हणाले, "माझ्यासाठी ये." सभागृह भरलेलं, अप्पा पहिल्या रांगेत कडक इस्त्रीच्या शर्टात. शाल, श्रीफळ, टाळ्या... आणि मग अक्का बोलायला उभी राहिली.

"दुसरा संगणक आपोआप बंद पडला नव्हता," ती म्हणाली. "तो मी बंद केला. माझ्या पडद्यावरचे आकडे संपर्क तुटण्याआधीचे होते, शिळे, आणि त्यांत दुसराच बिघडलेला दिसत होता. शिळे आकडे वेगळ्या रंगात दिसतात. चौकशीनं धरलं की तो रंग माझ्या लक्षात आला नसेल. मला तो दिसला होता. माझ्या शेजारी पीटर बसतो, तो म्हणालाही, 'थांबूया, ताजे आकडे येऊ देत.' मी म्हटलं, 'मला माहितीये.' आणि चांगला चालणारा संगणक बंद केला. चौकशीत पीटर गप्प बसला, मला वाचवायला. मीही गप्प बसले, तेही मलाच वाचवायला. मीच लावलेली आग विझवल्याचं हे बक्षीस आहे. ही शाल मला घेता येणार नाही."

तिनं शालीची घडी घालून ती टेबलावर ठेवली. मागे कुणीतरी टाळी वाजवायला लागलं आणि आपण एकटेच वाजवतोय हे कळल्यावर थांबलं. अध्यक्ष प्रसंग सावरायला उठले, म्हणाले, "विनय हाच खऱ्या विद्वत्तेचा अलंकार..." अक्कानं माईक पुन्हा हातात घेतला. "विनय नाही हो हा. मी लबाडी केली." अप्पांची मान इतकी खाली गेली होती की मागून मला त्यांचं डोकंच दिसेना.

घरी आल्यावर मी माझं काम सुरू केलं. "अक्का, कायद्यानं बघितलं तर तू खोटं बोललीच नाहीस. तुला कुणी थेट विचारलंच नव्हतं." ती म्हणाली, "विनू, माझी वकिली करू नकोस. मला सुटायचं नाहीये." अप्पा आतल्या खोलीतून म्हणाले, "सांगायचंच होतं तर तिकडे सांगायचं. इथे, माझ्या माणसांत कशाला?" अक्का दारापाशी जाऊन उभी राहिली. "तिकडे सांगायचा धीर होत नव्हता, अप्पा. इथं तुमच्यासमोर एकदा तोंडातून निघालं की मागे फिरता येणार नाही, म्हणून..."

दुसऱ्या दिवशी तिनं ऑफिसला फोन करून सगळं सांगितलं. आम्हाला वाटलं, तिच्यावर आभाळ कोसळेल. तसं झालं नाही. वरिष्ठ म्हणाले, प्रामाणिकपणाबद्दल आभार, नोंद दुरुस्त करू. पण पीटरला विचारलं गेलं की तुला माहीत असून तू गप्प का बसलास, आणि त्याला त्या खोलीतून हलवून कुठल्याशा कोपऱ्यातल्या कामावर बसवलं. हे मात्र अक्काला सहन झालं नाही. "खरं मी बोलले आणि भोगलं त्यानं," ती म्हणायची. तिनं राजीनामा दिला आणि धारवाडला निघून आली. पीटरला तिनं पुष्कळदा फोन केला. तो नीट बोलायचा, मुलांची चौकशी केली की सांगायचा, पण आपण होऊन त्यानं एकदाही फोन केला नाही.

अप्पांनी संध्याकाळचा कट्टा बंद केला होता. कॉलेजच्या मैदानाशेजारी रिटायर झालेल्यांचा तो कट्टा म्हणजे त्यांचा जीव. अक्कानं काही दिवस पाहिलं, मग एका संध्याकाळी त्यांच्या चपला आणून पुढ्यात ठेवल्या. "चला, मी येते बरोबर." कट्ट्यावर ही दोघं पोचताच बोलणं थांबलं. अक्का म्हणाली, "काय विचारायचं ते मला विचारा. अप्पांना नको." शेवटी एका वयोवृद्ध गृहस्थांनी घसा खाकरून धारवाडी कन्नडमध्ये विचारलं, की बाई, ते वर संडासाला कसं जातात? अक्कानं ते हातवारे करून, अगदी तपशिलात सांगितलं. सगळे हसले. घरी येताना अप्पा म्हणाले, "उद्या जरा लवकर निघू." झाल्या प्रकाराबद्दल ती दोघं पुन्हा कधीच बोलली नाहीत. अप्पांच्या अखेरच्या दिवसांतही नाही.

आम्ही सगळे तिला समजावत राहिलो, हे आता मला फार खुपतं. कोण चुकत नाही, कुणाला काही झालं तर नाही ना, सोडून दे. ती ऐकून घ्यायची आणि उठून आत जायची. मग एकदा हेलेना नावाच्या बाई आल्या. त्या दिवशी टॉर्चच्या उजेडात बसलेल्यांपैकी एक. बेंगळूरला कसल्याशा परिषदेला आल्या होत्या, तिथून मुद्दाम हुबळीला उतरल्या. अक्का भेटायलाच तयार नव्हती. मी बाईंना नवनगरला तिच्या घरी घेऊन गेलो तेव्हा ती स्वयंपाकघरात गिरमिट, म्हणजे मसाल्याचे चुरमुरे, कालवत होती आणि बाहेर येतच नव्हती. बाई आत गेल्या आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. इंग्रजीत, सावकाश, त्या म्हणाल्या, "तिथं मी माझ्या मुलीला निरोप लिहून ठेवला होता. यंत्र बिघडलं म्हणून मी देवावर रागावले होते. नंतर कळलं की तुम्ही होता. मग मी तुमच्यावर रागावले. खूप दिवस. ते तुम्हाला माहीत असावं, म्हणून आले."

मी पुढे होऊन काहीतरी सारवासारव करणार होतो. अक्कानं हातानंच मला थोपवलं. म्हणाली, "मुलगी केवढी होती तेव्हा?" मग त्या दोघी ओट्यापाशीच बोलत राहिल्या आणि मी बाहेर गिरमिट खात बसलो. मिरची भजी खाऊन बाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा आतून अक्काचं हसू ऐकू आलं. त्या गेल्यावर ती म्हणाली, "बरं वाटलं रे. आजवर माझ्यावर कुणी रागावलंच नव्हतं."

लाज गेली असं मी म्हणणार नाही. ती तिच्याबरोबर शेवटपर्यंत होती. फक्त त्यानंतर अक्का ती घेऊन कामाला लागली. धारवाडजवळच्या बेलूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात तिनं कंट्रोल रूमचे संगणक सांभाळायला घेतले. मोठ्या भट्ट्यांचा कारखाना, पडद्यावर बघून त्या चालवायच्या. मालक कुरकुरले, पण तिनं एक पद्धत पाडली. पडद्यापुढे एकाशेजारी एक दोन खुर्च्या. पहिल्या खुर्चीतल्यानं काहीही बंद किंवा चालू करण्याआधी दुसऱ्या खुर्चीतल्यानं पडदा बघून "हूं" म्हणायचं. तो "हूं" म्हणाला नाही तर हात मागे. वरिष्ठ असो की काल लागलेला असो. अक्का स्वतः पहिल्या खुर्चीत बसली तरी हाच नियम.

गेल्या आठवड्यात तिचं सामान आणायला मी बेलूरला गेलो. एक स्वेटर, चष्म्याचं घर, चहाचा मग. मॅनेजर स्वतः मला कंट्रोल रूमपर्यंत सोडायला आले. आत एक ऑपरेटर पडद्याकडे बघत बसला होता आणि शेजारची खुर्ची रिकामी होती. तिच्या जागी क्षणभर बसावं म्हणून मी खुर्ची ओढली.

"सर, अल्लि कूडब्याड्री," तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. तिथं बसू नका. मग माझ्याकडे बघून जरा ओशाळला आणि मराठीत म्हणाला, "महांतेश चहाला गेलाय. तो आल्याशिवाय मला बटणाला हात लावता येत नाही."

मी खुर्ची होती तशी ठेवली आणि भिंतीला टेकून, स्वेटर हातात धरून, महांतेशचा चहा संपायची वाट बघत उभा राहिलो.